वस्तुचित्र शिकवण्याचा क्रम : माप आधी, छटा शेवटी

चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या वह्या चाळा. समोर स्टीलचा डबा ठेवलेला असतो. मुलाने त्यावरची चमक सुरेख काढलेली असते, पडछायाही दिलेली असते. पण डब्याचं तोंड जवळजवळ गोल आणि तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ! आकार पहिल्याच पायरीवर फसलेला आणि मेहनत सगळी शेवटच्या पायरीवर झालेली.

मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. मुलाची रेघ चुकली की त्याच्या कागदावर माझ्या पेन्सिलने ती सुधारून द्यायचे. चित्र तिथल्या तिथे बरं दिसायचं, घरचे खूश व्हायचे आणि पुढच्या शनिवारी तेच मूल तीच चूक करायचं. चूक शोधायचं काम मी केलेलं असायचं, त्यामुळे ते त्याला कधी करावंच लागलं नव्हतं. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती रचला आहे: चूक मुलाच्या स्वतःच्या डोळ्याला दिसली पाहिजे.

‘हात वळत नाही’ असं पालक म्हणतात, पण हाताचा दोष फार थोडा असतो. डेल कोहेन आणि सुझन बेनेट या संशोधकांनी १९९७ मध्ये हे तपासलं. चित्र न येणाऱ्या माणसांच्या चुका हाताच्या कौशल्यातून येतात, काय काढायचं आणि काय सोडायचं या निर्णयातून येतात, की पाहण्यातून? त्यांच्या निष्कर्षात मुख्य कारण निघालं ते समोरची वस्तू चुकीची पाहिली जाणं. म्हणून रेघोट्या गिरवून घेण्यात पहिले आठवडे घालवू नका.

हा क्रम १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आहे. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी ४० मिनिटं. तीन दिवस जमत नसतील तर दोन चालतील. मात्र रविवारी सलग दोन तास बसवून भरपाई करू नका. तोच वेळ दिवसादिवसांत वाटून दिला की शिकलेलं जास्त टिकतं. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या १८८५ मधल्या स्मरणाच्या प्रयोगांपासून हे पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे.

तयारी : मुलं येण्याआधी

निम्म्या चुका मांडणीतच पेरल्या जातात, म्हणून इथे घाई नको.

वस्तू बुटक्या स्टुलावर ठेवा, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. बाकावर बसलेल्या मुलाला डब्याचं तोंड वरून दिसलं पाहिजे, पण फार वरून नको. अंतर दीड ते दोन मीटर. याहून जवळ बसलं तर वस्तू पाहायला मान वरखाली करावी लागते आणि प्रत्येक वेळी चित्र बदलतं. तीस मुलांसाठी एकच मांडणी पुरत नाही. तीन मांडण्या करा आणि प्रत्येकीभोवती अर्धवर्तुळात दहा मुलं बसवा.

उजेड एकाच बाजूने यावा. खिडकीजवळ मांडणी करा आणि डोक्यावरची ट्यूबलाइट बंद ठेवा. दोन बाजूंनी उजेड आला की दोन पडछाया पडतात आणि मूल गोंधळतं.

मुलांची जागा खडूने खूण करून ठरवून द्या. खुर्ची वीतभर सरकली तरी कडांचे कोन बदलतात.

साहित्य साधं आहे. कार्ट्रिज कागद (चित्रकलेचा जाडसर कागद), एचबी आणि ४बी पेन्सिल, ड्रॉइंग बोर्ड, टोकाला नट बांधलेला हातभर दोरा म्हणजे ओळंबा, आणि दर दोन मुलांमागे पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटवलेली एक पारदर्शक ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरची प्लास्टिकची), सोबत पातळ टोकाचा मार्कर. खोडरबर पहिले आठ आठवडे तुमच्या टेबलावर राहील.

इशारा: मोबाइलमधला फोटो पाहून काढून घेऊ नका. फोटोत खोली, म्हणजे वस्तूंचं पुढे-मागे असणं, आधीच सपाट झालेली असते. जे काम मुलाला शिकायचं आहे, ते कॅमेऱ्याने करून टाकलेलं असतं.

टप्पा १ : काहीही न शिकवता पहिलं चित्र

एक डबा, वीस मिनिटं, फक्त रेषा. सूचना एकच: ‘तुझ्या जागेवरून जसा दिसतो तसा काढ.’ मागे तारीख आणि जागेचा क्रमांक लिहून कागद तुमच्याकडे ठेवा. गुण देऊ नका, शेराही लिहू नका.

हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. सहाव्या आठवड्यात मूल ‘मला जमतच नाही’ म्हणून हिरमुसतं, तेव्हा तो समोर ठेवण्यासारखा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

टप्पा २ : पारदर्शक शीटवर गिरवणं

सगळ्यात जास्त फरक मी याच टप्प्याने पडताना पाहिला आहे. तरीही बहुतेक वर्गांत तो वगळला जातो, कारण ‘ही तर नक्कल झाली’ असं वाटतं.

१. मुलं जोडीने बसतील. एक जण शीटची चौकट डोळ्यांसमोर हातभर अंतरावर उभी धरेल. टेबलाचा आधार घ्यायला सांगा.

२. दुसरा पुस्तकांच्या चळतीवर हनुवटी टेकवेल, एक डोळा मिटेल आणि शीटमधून दिसणाऱ्या डब्याच्या कडा मार्करने थेट शीटवर गिरवेल. पाच मिनिटं पुरेत.

३. शीट पांढऱ्या कागदावर ठेवून डब्याच्या तोंडाची रुंदी आणि उंची पट्टीने मोजायची. मग टप्पा १ च्या चित्रात तीच दोन मापं घ्यायची.

आता दोन्ही गुणोत्तरं फळ्यावर लिहा. दोन मीटरवरून, बुटक्या स्टुलावरच्या डब्याचं तोंड शीटवर साधारण चारास एक येतं: ४ सेंटिमीटर रुंद, १ सेंटिमीटर उंच. मुलांच्या पहिल्या चित्रात ते दोनास एक असतं, कधी त्याहूनही गोल. ‘एवढं चपटं?’ असं कोणीतरी मोठ्याने म्हणतंच. तो क्षण घालवू नका.

असं का होतं, हे त्यांना सांगा. डब्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं आणि ते माहीत असणं पाहण्यात घुसतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. तिरकी ठेवलेली तबकडी माणसांना डोळ्यात पडणाऱ्या प्रतिमेपेक्षा अधिक गोल वाटते. मोठ्यांनाही वाटते, म्हणून यात कुणी लाजायचं कारण नाही.

तपासणी: प्रत्येक मुलाने एक वाक्य स्वतः लिहावं. ‘माझ्या चित्रात अमुक भाग अमुक पट जास्त होता.’ आकडा नसेल तर वाक्य परत द्या.

इशारा: शीट दोन-तीन तासिकांपुरतीच. तिच्याशिवाय रेघ ओढता येत नाही असं झालं, तर आधाराची कुबडी झाली.

टप्पा ३ : मोजणं, एका वेळी एकच साधन

प्रमाण, कोन, ओळंबा आणि मध्यरेषा एकाच तासिकेत सांगितल्या तर मुलाच्या हाती काहीच उरत नाही. मनात एका वेळी जेमतेम चार गोष्टी धरता येतात, आणि त्यातच पेन्सिल व कागदही सांभाळायचा असतो. म्हणून एका तासिकेला एक साधन, या क्रमाने:

१. रुंदी आणि उंची. हात पूर्ण ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा मिटलेला. पेन्सिलीचं टोक डब्याच्या एका कडेला, अंगठा दुसऱ्या कडेला. ती रुंदी उंचीत किती वेळा बसते? कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि माप बदलतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, त्यामुळे रांगेतून फिरताना फक्त कोपरं पाहा.

२. ओळंबा. दोरा सोडून पाहायचं: डब्याच्या डाव्या कडेच्या बरोबर खाली काय येतं? शेजारच्या वांग्याचं देठ त्या रेषेच्या आत आहे की बाहेर?

३. तिरक्या कडा. पेन्सिल कडेला समांतर धरायची, पण जणू समोर उभी काच आहे आणि पेन्सिल तिच्यावर टेकलेली आहे अशी. मुलं पेन्सिल खोलीत खुपसतात, म्हणजे कडा जिकडे जाते तिकडे टोक करतात. मग कोन चुकतो. हातात शीटची चौकट देऊन पेन्सिल तिच्यावर टेकवून घ्या, लगेच कळतं.

प्रत्येक साधन आधी तुम्ही करून दाखवा, आणि करताना मनात चाललेलं मोठ्याने बोला. ‘रुंदी धरली. आता उंचीवर फिरवते. एकदा पूर्ण बसली, वर अर्ध्याहून थोडी कमी उरली. म्हणजे उंची रुंदीच्या दीडपटीला थोडी कमी. कागदावर खुणा करते... अरे, मी दुप्पट केली, पुन्हा बघते.’ चूक होऊन सुधारणाही त्यात येऊ द्या. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं की नवशिक्याला सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर नुसत्या सरावापेक्षा तो लवकर शिकतो. चित्रकलेत सोडवलेलं उदाहरण म्हणजे शिक्षकाचं तयार चित्र नव्हे. रेघ का आणि कुठे पडली, हे ऐकू येणं म्हणजे उदाहरण.

तिसऱ्या दिवसापासून नियम बदला: आधी अंदाज, मग माप. मुलाने नुसत्या नजरेने प्रमाण सांगायचं, कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं, नंतर पेन्सिलीने मोजायचं. अंदाज आणि माप यांच्यातली तफावत म्हणजेच शिकणं. मोजून सुरुवात केली तर नजर आळशी राहते.

तपासणी: दहा अंदाजांपैकी सात मापाच्या जवळ येऊ लागले की पुढे जा. नाहीतर आणखी दोन तासिका इथेच.

टप्पा ४ : थोडं बघा, वारंवार बघा

मुलाकडे पाहत मनात मोजा. मांडणीकडे एकदा पाहिल्यावर ते किती वेळ कागदावरच असतं? पंधरा, वीस सेकंद. एवढ्या वेळात डोळ्यातलं रूप पुसलं जातं आणि हात ‘डबा असा असतो’ हे आठवून चालू लागतो. कोहेन यांच्या २००५ मधल्या अभ्यासात वस्तू आणि कागद यांच्यात नजर जास्त वेळा फिरवणाऱ्यांची चित्रं अधिक अचूक आढळली.

उपाय साधा आहे. तुम्ही दर तीन-चार सेकंदांनी टेबलावर हलकेच टिचकी वाजवा, टिचकी वाजली की नजर वर. पहिल्या दिवशी सगळ्यांना त्रास होतो. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या पुरेत. दोन आठवड्यांत टिचकी थांबवा आणि सवय उरली का ते पाहा.

टप्पा ५ : लंबवर्तुळ

लंबवर्तुळ म्हणजे तिरकं पाहिल्यावर चपटं दिसणारं वर्तुळ. ग्रेड परीक्षेच्या वर्गात मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती इथे. सहा तासिका ठेवा.

पहिली वस्तू काचेचा पेला, अर्धा पाण्याने भरलेला. काठ, पाण्याची पातळी आणि तळ अशी तीन लंबवर्तुळं एकदम दिसतात आणि मागची कडाही लपत नाही. मुलांना विचारा: तिघांत सगळ्यात गोल कोणतं? उत्तर काठ असेल असं बहुतेकांना वाटतं. मोजायला लावा. डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली जाऊ, तितकं लंबवर्तुळ गोल होत जातं, म्हणून तळाचं सगळ्यात गोल. आपल्या डब्याचं तोंड चारास एक दिसत असेल, तर त्याचा तळ साधारण तीनास एक असतो. तळ सरळ रेघ कधीच नसतो, मग स्टूल कितीही सपाट असो.

हे पटवायचा एक मार्ग: पेला उचलून हळूहळू मुलाच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत आणा. काठ चपटा होत होत रेघ होतो. आणखी वर नेलात तर काठ खालून दिसायला लागतो. हे प्रत्येकाने स्वतः करून पाहायला हवं. फळ्यावर काढून दाखवणं पुरत नाही.

काढण्याचा क्रम:

१. उभा मध्य अक्ष, म्हणजे वस्तूच्या मधोमध जाणारी रेषा.
२. त्याला काटकोनात लंबवर्तुळाची रुंदी, अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखी.
३. मोजलेल्या गुणोत्तराने वरखाली दोन खुणा.
४. चार खुणांतून जाणारी पूर्ण कडा, मागची न दिसणारी बाजूसुद्धा.

तीन चुका पाहत राहा. टोकं बदामासारखी टोकदार होतात, ती गोल वळली पाहिजेत. न दिसणारी बाजू मूल काढतच नाही, मग डबा जमिनीत बुडाल्यासारखा दिसतो. आणि वस्तू आडवी पडलेली असताना लंबवर्तुळाची रुंदी अक्षाला काटकोनात न घेता कागदाच्या कडेला समांतर घेतली जाते. तिसरी चूक हुशार मुलंही करतात. आडवा ठेवलेला तांब्या काढायला दिल्याशिवाय ती सापडत नाही.

टप्पा ६ : सरावात मिसळ करा

लंबवर्तुळ समजलं की शिक्षकाचा मोह असतो: सलग दहा तांबे. चौथ्या तांब्यापासून चित्रं छान येतात, आपल्यालाही समाधान वाटतं. पण मूल तोपर्यंत पाहणं थांबवून मागच्या तांब्याची पुनरावृत्ती करत असतं.

नवी गोष्ट शिकवताना पहिली तासिका एकाच वस्तूवर. त्यानंतर मात्र एका तासिकेत तीन वेगळ्या वस्तू, प्रत्येकी दहा मिनिटं: किटली, पुस्तकांची जोडी, ढोबळी मिरची. दर वेळी मुलाला ठरवावं लागतं की इथे कोणतं साधन लागेल. परीक्षेत नेमकं हेच करायचं असतं. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये बारा चित्रकारांची निसर्गचित्रं लोकांना दाखवली. चित्रकारांची सरमिसळ करून दाखवली, तेव्हा न पाहिलेल्या चित्राचा चित्रकार ओळखणं लोकांना जास्त जमलं. गंमत अशी की बहुतेकांना स्वतःला मात्र ‘एकेकाची सलग पाहून जास्त शिकलो’ असं वाटत होतं. तो प्रयोग चित्र ओळखण्याचा होता, काढण्याचा नव्हता, पण वर्गातही मला तेच दिसतं. मिसळीच्या आठवड्यात कागद वाईट दिसतात आणि महिन्यानंतर तीच मुलं पुढे असतात. पालकांना हे आधीच सांगून ठेवा.

आठवड्यातून एकदा झाकलेलं चित्र घ्या. मांडणी दोन मिनिटं पाहायची, मग त्यावर कापड टाकायचं आणि आठवून काढायचं. दहा मिनिटांनी कापड काढून लाल पेन्सिलीने फरक नोंदवायचे. हा स्मरणचित्राच्या पेपरचा सराव नाही, तिथे प्रसंग काढायचा असतो. इथे हेतू एवढाच की आपण काय पाहिलंच नव्हतं, हे मुलाला कळावं.

टप्पा ७ : दोन-तीन वस्तू, मधल्या जागा

आता मांडणीत ड्रेपरी (चुण्या पडलेलं कापड) आणि तीन वस्तू. आधी सगळ्या गटाला वेढणारा एकच बाह्याकार आणि त्याची रुंदी-उंची. मग वस्तूंमधल्या रिकाम्या जागा: किटलीच्या कडीच्या आतली जागा, डबा आणि केळ्यामधला त्रिकोण. त्या जागेला नाव नसतं, त्यामुळे ‘माहीत असलेला’ आकार तिथे घुसत नाही. कडी चुकत असेल तर कडी खोडू नका, आतली जागा पुन्हा पाहायला सांगा.

तपासणी: वस्तूंचे तळ पाहा. पुढची वस्तू कागदावर खाली, मागची वर. तळांची लंबवर्तुळं एकमेकांत घुसत असतील, तर त्या दोन वस्तू एकाच जागी उभ्या आहेत असा अर्थ होतो.

टप्पा ८ : छटा

सातव्या आठवड्यानंतर, त्याआधी नाही. डोळे किलकिले करून फक्त तीन छटा शोधायच्या: उजळ, मधली, गडद. आधी तिन्हींच्या सीमा हलक्या रेषेने, मग भरणं. बोटाने घासून गुळगुळीत करायला बंदी. स्टीलवरची चमक सगळ्यात शेवटी.

तुम्ही काय बोलायचं

मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळ्या कपट्यावर.

‘छान’ आणि ‘पुन्हा काढ’, दोन्ही शब्दांनी मुलाला काही सापडत नाही. त्याऐवजी जागा दाखवणारा आणि मोजायला लावणारा एक प्रश्न विचारा. ‘कळशीचा गळा पोटाच्या किती भाग आहे? मोजून सांग.’ एका फेरीत एकच प्रश्न, पाच चुका दिसत असल्या तरी. कोणता निवडायचा? जो आधीच्या टप्प्यातला आहे तो. प्रमाण चुकलेलं असताना छटेबद्दल बोलू नका.

सरावाच्या कागदांवर गुण नकोत. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांमध्ये तो फायदा दिसला नाही. गुण दिसले की मूल शेरा वाचतच नाही, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल.

आठवा आठवडा संपेपर्यंत तुमचे प्रश्नही कमी करत न्या. मुलाने कागद तुमच्याकडे आणला की आधी विचारा, ‘तुला कुठे खटकतंय?’ उत्तर आल्याशिवाय बोलायचं नाही. सुरुवातीला ही शांतता दोघांनाही जड जाते.

टप्पा ९ : शेवटचे दोन आठवडे

आता शीट नाही, टिचकी नाही, प्रश्न नाहीत. परीक्षेइतकाच वेळ (इथे ४० मिनिटांची मर्यादा नाही), अनोळखी मांडणी, आणि तीही दर वेळी वेगळ्या जागेवरून, कारण परीक्षेत जागा आपल्या हातात नसते. पेन्सिलीने मोजणं चालू राहील, ते कुणी काढून घेत नाही. खोडरबर परत द्या, पण चुकीची रेघ खोडण्याआधी शेजारी बरोबर रेघ मारायची हा नियम ठेवा. आधी खोडलं तर नवी रेघ पुन्हा तिथेच पडते.

वेळेचा पहिला पाचवा भाग फक्त मापं आणि बाह्याकारासाठी. शेजारच्याच्या चित्रात तोवर छटा सुरू झालेली दिसेल आणि मूल घाबरेल. म्हणून सरावाच्या वेळी तेवढा वेळ घड्याळ लावून बसवून घ्या, अंगवळणी पडेपर्यंत. शेवटच्या तासिकेला टप्पा १ मधलाच डबा, त्याच खुणेच्या जागेवरून, वीस मिनिटं, फक्त रेषा. मग जुना कागद परत द्या आणि दोन्हींतला फरक मुलालाच मागच्या बाजूला लिहू द्या, आकड्यांसकट.